साडेबाराचं ताट

"कॅमेरा जरा खाली करा बाबा, ताट दिसू दे."

हरिश्चंद्राने फोन वाकवला. तळलेला बांगडा, दोन उकडलेली अंडी, ओल्या खोबऱ्याची चटणी. भाताचं शीत नाही. ऐरोलीच्या ऑफिसातून संदेश खूश झाला. "शाब्बास! भात म्हणजे साखरच, लक्षात ठेवा." घड्याळात साडेबारा.

एक वाजता पुण्याहून लेकीचा, वेदिकाचा फोन. तिच्यासाठी दुसरं ताट. हातसडीचा भात, कुळथाची पिठी, लाल माठाची भाजी. "मासे नाही ना खाल्लेत? अंडी? सगळं हृदयावर जातं हो!"

"छे गो! वास तरी येतोय काय बघ," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच्याच चावटपणावर मनात हसला.

फोन बंद झाला की तो दोन्ही ताटं जवळ ओढायचा आणि बांगड्याशी भात खायचा, पूर्णगडात माणसं खातात तसा. तीस वर्षं जहाजावर कुक होता तो. चार देशांचे बावीस खलाशी. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. त्याने कधी कुणाशी वाद घातला नाही, ज्याचं त्याला वाढलं. मग पोटच्या पोरांशी कशाला भांडा?

आणि खरं सांगायचं तर त्याला हे नाटक हवंच होतं. दोन वर्षांपूर्वी बायको, दमयंती, गेली. बावीस जणांचं रांधणाऱ्या माणसाचा एकट्यापुरता गॅस पेटवायला हात उठेना. सकाळी चहा-खारी, दुपारी खारी-चहा, रात्री फरसाणाची पुडी. पोरांचा फोन महिन्यातून एकदा. मग रक्तातली साखर वाढली, आणि दोघं आपापलं डाएट घेऊन बापावर तुटून पडली. फोनला दाखवायला ताट हवं, ताटासाठी रांधायला हवं. म्हातारा पुन्हा जेवू लागला.

तीन महिन्यांनी रत्नागिरीला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "साखर उतरली की! काय खाता?"

त्याने सगळं कबूल केलं. बाई हसायला लागल्या. "त्यांचं भांडण भातावर आणि माशावर. पण खारी, फरसाण, साखरेचा चहा दोघांनीही बंद करायला लावलं ना? तेवढ्यावर त्यांचं एकमत आहे. घरचं रांधलेलं, बेताने खा. असंच चालू दे."

रिपोर्ट घरच्या ग्रुपवर गेला. "बघा, माझं ऐकलंत!" संदेश. "माझं!" वेदिका. दोघंही जिंकली, आणि दोघंही निर्धास्त झाली.

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजले, फोन वाजला नाही. एक वाजून गेला, वेदिकाचाही नाही. तिसऱ्या दिवशी गोदा मासेवाली पाटी टेकवून म्हणाली, "घ्या काका, फडफडीत आहेत." "नको गो आज." चौथ्या दिवशी गॅस पेटलाच नाही. मेलं ते बरं होणं! त्याला स्वतःचाच राग आला, आणि रडूही आलं. 'साखर परत वाढली' एवढं लिहिलं असतं तर दोघं धावली असती. त्याने लिहिलं. मग पुसलं. पोरांच्या जिवाला घोर लावून जेवायचं, असा कसला बाप?

ड्युटीवरच्या माणसाला हाक मारायची नाही, हा जहाजावरचा नियम. भरदुपारी पोरांच्या कामाच्या वेळेत त्याने जन्मात फोन केला नव्हता. त्या दिवशी केला.

"बाबा! काय झालं? साखर वाढली?" संदेश ऑफिसच्या जिन्यात धावत आला होता.

"काही नाही रे. जेवलास काय, एवढंच विचारायचं होतं."

संदेश जिन्याच्या पायरीवर बसला.

"दाखव बघू ताट."

संदेशने कॅमेरा हलवला नाही.

"ताट नाहीये, बाबा. दुपारचं जेवण मी केव्हाच सोडलंय, डाएटमध्ये बसत नाही. साडेबाराला तुमचं बघायचो, त्यावरच भागत होतं."