रेशमावरचा डाग

अस्तरमावशीने उजवा तळहात पांढऱ्या रेशमावर दाबून धरला आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. हात उचलला तेव्हा राणीच्या झग्यावर, अर्ध्या भरलेल्या वेलीच्या शेजारी, ओला डाग पसरला होता. बाकीच्या बायका मागच्या खोलीत जेवत होत्या. ती मुकाट आपल्या मशीनपाशी जाऊन बसली आणि सुती अस्तराला टीप घालू लागली.

नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या या कारखान्यात ती एकोणीस वर्षांपूर्वी भरतकामासाठी आली होती. बोटांत कला होती. पण हातांना घाम असा यायचा की सुया आठवड्यात गंजायच्या. पावडर झाली, तुरटीचं पाणी झालं, मांडीवर कायमचा रुमाल झाला. पहिल्याच महिन्यात मखमलीची एक बाही वाया गेली आणि मालकीणबाईंनी तिला अस्तरांवर बसवलं. तेव्हापासून हेच नाव पडलं. प्रेक्षकांना कधीच दिसत नाही तेवढं आपण शिवायचं, हे तिने कसंबसं गिळलंही होतं.

मग चार महिन्यांपूर्वी नवी आली. पंचविशीची पोर, हात कोरडेठाक. रेशमाचा तागा आला की तो थेट तिच्याकडे जायचा. मालकीणबाई येता-जाता तिच्यापाशी थांबायच्या, आणि इकडे मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवीच्या वेलींत ती चुका शोधायची. सापडायच्याही, पण फारच थोड्या, आणि तेच तिला जास्त झोंबायचं. वर ही पोर जेवताना "मावशी, मावशी" करत शेजारी येऊन बसायची.

जेवणं आटोपली. नवी झग्यापाशी आली आणि जागीच थांबली. डाग वाळत आला होता, त्याच्या कडेने रेघ धरली होती. कुणीतरी मालकीणबाईंना बोलावून आणलं. मावशीने मान वर केली नाही. आता ही रडेल, कांगावा करेल, दुसऱ्या कुणावर तरी ढकलेल, असं तिला वाटत होतं.

नवी रडली नाही. तिने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझाच असणार," ती म्हणाली. "बाई, मी तुमच्यापासून लपवलं. माझ्या हातांना फार घाम यायचा. परीक्षेत पेपर भिजून फाटायचे. आजार असतो तो. डॉक्टरांनी आधी लावायचं औषध दिलं, त्याने भागलं नाही. मग पाण्याच्या तबकांत हात बुडवून बारीकसा करंट देतात, ते केलं. दीडदोन महिन्यांत हात कोरडे झाले. पण ते अधूनमधून घेत राहावं लागतं. नाटकाची घाई म्हणून मी दीड महिना गेलेच नाही. परत सुरू झालं वाटतं."

मावशीचं मशीन थांबलं.

मालकीणबाईंनी सुस्कारा टाकला. "उद्यापासून तू अस्तरांवर बस. मावशी शिकवतील."

नवीने मान हलवली. ती बोटं एकमेकांवर घासून बघत होती. बोटं कोरडीच होती, तरी ती घासत राहिली.

आजार. एवढ्या वर्षांत हा शब्द मावशीच्या कानावर आला नव्हता. आपण मुळातच अशा, गलिच्छ, असंच ती धरून चालली होती. ती उठून झग्यापाशी गेली.

"डाग माझा आहे," ती म्हणाली. "मुद्दाम केला. हिचे हात बघवत नव्हते मला."

झगा धुलाईवाल्याकडे पाठवायचं ठरलं. डाग निघाला नाही तर सोमवारपासून येऊ नका, एवढं सांगून मालकीणबाई आत गेल्या.

मावशी पिशवी उचलून जिना उतरू लागली. मागून पावलं आली. नवी होती, रागाने लाल झालेली.

"हात दाखवा," ती म्हणाली.

मावशीच्या मुठी घट्ट मिटलेल्या होत्या. घरच्यांसमोरही ती हात कधी उघडे ठेवत नसे. हळूहळू तिने मुठी उघडल्या. घाम मनगटापर्यंत ओघळला होता.

नवीने तिचा एक हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण शुक्रवारी चारला मी दवाखान्यात जाणार आहे. तुम्ही यायचं."

मग तिने हात सोडला. आजवर मावशीचा हात ज्याने ज्याने धरला होता, त्या प्रत्येकाने नंतर आपला हात हळूच कपड्याला पुसला होता. नवीने पुसला नाही.