तिसऱ्या दिवशीची तरतरी

“खरं सांगा ईश्वरप्पा, चोरून काय खाल्लं?”

अमृतरावांनी हे भर मांडवात, सगळ्यांसमोर विचारलं. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर तीन दिवसांचं उपोषण चाललं होतं आणि आज तिसरा दिवस होता. जिल्हा समितीचे पाचही जण बसले होते. अध्यक्ष अमृतराव, बाजारातले तीन व्यापारी आणि कापड दुकानदार ईश्वरप्पा. मे महिन्याचं ऊन, दर नवव्या दिवशी येणारा टँकर, पोटात पाण्याशिवाय काही नाही. अशात माणसानं कसं गळून पडावं! ईश्वरप्पा मात्र पहाटे उठून मांडवाभोवती तीन चकरा मारून आले आणि वर खड्या आवाजात घोषणा देऊ लागले. आता संशय येणार नाही तर काय होणार?

कारण होळीपासून ईश्वरप्पांइतका पेंगणारा माणूस उदगिरात दुसरा नव्हता. गिऱ्हाईक समोर उभं आणि हे गादीवर डुलक्या घेताहेत. कापडाचं ठाण उचलायला गिऱ्हाइकालाच लावायचे. मळमळ तर रोजचीच. कुणी म्हणालं, ऊन लई हाय, की ते चिडायचे. “ऊन न्हाई बाबा, हे अंगातलं विष हाय!” मग यादी सुरू. आंब्याला पावडर, भाजीला फवारा, कलिंगडाला रंग, जारच्या पाण्यात प्लास्टिक. आंबा सोडला, वांगी सोडली, चहा सोडला. रोज काय रांधावं, याचा बायकोला, नागम्माला, घोर लागला होता.

विषावर उताराही त्यांनी होळीलाच स्वतः शोधला होता. तांब्याच्या भांड्यातलं पाणी अंगातलं विष ओढून काढतं, असं फोनवर आलं होतं. घरातली स्टीलची भांडी टँकरच्या पाण्यानं भरलेली. मग माळ्यावरची आईच्या वेळची तांब्याची घागर ते गुपचूप दुकानात घेऊन गेले. नुसतं पाणी काय प्यायचं, म्हणून रोज सकाळी त्यात दहा लिंबं, गूळ आणि मीठ. दिवसभरात चार गिलास. समितीची बैठक रोज संध्याकाळी त्यांच्याच दुकानात भरायची. दोन महिने बैठका झाल्या, पण सरकारला द्यायच्या निवेदनाचं दुसरं पान काही लिहून झालं नाही. दहा मिनिटांत सगळेच जांभया द्यायचे.

मांडवात घागर नव्हती. नाक मुरडत ईश्वरप्पांना जारचंच पाणी प्यावं लागलं.

“लोक हसतील आपल्याला,” अमृतराव म्हणाले. “जिल्हा मागायला बसले अन् लपून भजी खाल्ली म्हणतील. उठा, घरी जा.”

ईश्वरप्पांचा चेहरा पडला. त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. “ह्याची शपथ. घोटभर पाण्याबिगर काही न्हाई. तीस वर्षं दुकानात एकच भाव सांगितला मी. आज खोटं बोलीन व्हय?”

व्यापाऱ्यांनी माना फिरवल्या. ते त्यांना फार लागलं.

नाडी तपासायला आलेल्या डॉक्टर रुद्राणी मदतीला धावतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट आगीत तेल ओतलं. “ह्यांची नाडी तर माझ्यापेक्षा चांगली आहे!” मग अमृतरावांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “तुमचीही.” अमृतरावांनी छाती फुगवली. “हा आंदोलनाचा जोश हाय, बाई.”

ईश्वरप्पा चपला शोधायला वाकले. इतक्यात कडेवर तांब्याची घागर घेऊन नागम्मा तरातरा मांडवात शिरली.

“टँकर आला म्हणून घागर हुडकून राहिले सकाळपासून! दुकानात सापडली!” तिनं घागर नवऱ्यापुढं आदळली आणि तिरकी केली. आतून हिरवट पाणी मातीत सांडलं. “ही पाण्याची घागर. हिला कल्हई न्हाई. हिच्यात लिंबू कोन पिळलं?”

ईश्वरप्पांनी हळूच बोट वर केलं.

“अय्यो! तांब्यात आंबट कळकतं, त्याचं विष होतं, हे सासूबाईनं मला पहिल्या आठवड्यात सांगितलं. तुमाला कसं ठाऊक न्हाई?”

“फोनमधी न्हवतं ते,” ईश्वरप्पा पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी घागरीत वाकून बघितलं. “रोज पीत होता? मळमळायचं? अंग गळून जायचं?”

“हाव.”

“मग तीन दिवस हे बंद झालं, म्हणून तुम्ही ताजेतवाने. खाऊन नव्हे.”

“ऐकलं न्हवं?” नागम्मा अमृतरावांकडं वळली. “माझा नवरा येडा आसंल, लबाड न्हाई. बसू द्या त्याला.”

ईश्वरप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. चपला त्यांनी परत बाजूला ठेवल्या.

अमृतराव मात्र घागरीकडंच बघत उभे होते. मघाशी ते कुणाचा हात न धरता उठले होते. होळीनंतर पहिल्यांदाच. तिघे व्यापारीही एकमेकांची तोंडं बघू लागले. त्यांनाही कालपासून बरं वाटत होतं.

“ईश्वरप्पा,” अमृतराव सावकाश म्हणाले, “रोज बैठकीत तुमी आमाला जे सरबत पाजलं, ते...?”

“ह्याच घागरीतलं,” ईश्वरप्पांनी मान खाली घातली. “तुमी अध्यक्ष, म्हणून तुमाला दोन गिलास.”