न सांगता बदललेली ओळ

वैजयंती सांभाळत असलेल्या खुल्या प्रकल्पासाठी कुणीही कोड पाठवू शके. अनोळखी ढोबळेंनी पाठवलेला कोड ती तिसऱ्यांदा तपासत होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमधून, म्हणजे गाभ्यातून, नव्या प्रकारच्या एलईडी दिव्यांचेही रंग बदलता यावेत, एवढंच त्यांनी जोडलं होतं म्हणे. मग तिच्याच जुन्या कोडमधल्या एका ओळीला न सांगता हात का लावला? साव म्हणून येणारे असेच मागल्या दाराने शिरतात. तिने फोनच लावला.

"ही ओळ कशाला बदललीत?"

ढोबळे घुटमळले. "मॅडम, तिथे लाल आणि हिरवा उलटे झाले होते. ओळ तुमची, म्हणून चारचौघांत बोललो नाही."

तिचा विश्वास बसेना. तिने जुना कोड चालवून लाल रंग मागितला. समोरचा दिवा हिरवा लागला. सहा वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, तिच्याही.

कोड स्वीकारताना तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "चूक माझी. दुरुस्ती ढोबळेंची."