सुटलेली लेस

"अपघातात स्टिअरिंग छातीवर आदळून यांच्या हृदयाची रक्तवाहिनी दुखावलीय. आता बरे झाले असले, तरी दम लागतोय का यावर लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. नवरा ठणठणीत दिसत होता, तान्ह्या लेकीपुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं. तिने ते मनावर घेतलं नाही.

पाच वर्षांनी तो जिन्यात, प्रत्येक मजल्यावर, लेस बांधायला पायरीवर बसू लागला. ती वैतागायची, "अहो, एवढ्याशा लेकीलाही गाठ मारता येते!"

तो हसायचा, "तू हो पुढे, आलोच."

आजही तो बसला. लेक मागे वळली.

"बाबा, चपलेला कुठे असते लेस?"



तुमच्या मागूनही कोणी "हो पुढे, आलोच" म्हणत असेल, तर एकदा वळून बघा.