लोहबाहूचा पहिला ठोसा

मेंदूच्या झटक्याने दादाची वाचा गेली होती. "त्यांच्या आवडीचं काहीतरी बोलत राहा," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. वहिनी बागेविषयी बोलून थकली, लेक नातवाविषयी. दादा आपला खिडकीबाहेर बघत पडून असायचा.

मग धाकटा भाऊ आला. त्याने खुर्ची पलंगाला भिडवली आणि लहानपणी एका पांघरुणात टॉर्च लावून वाचलेल्या चित्रकथांचा विषय काढला.

"दादा, लोहबाहू आणि विषनख समोरासमोर आले तर लोहबाहूच जिंकणार. माझं मत अजून तेच आहे."

दादाने मान वळवली.

"कारण सोपं आहे," धाकट्याने मुद्दाम थाप ठोकली. "लोहबाहू समोरच्याला संधीच देत नाही. पहिला ठोसा त्याचाच!"

दादाच्या कपाळावर आठी चढली. ओठ थरथरले. "ना... नाही. आधी... मार... खातो."

वहिनी दारातच थबकली.

"बरं, ती खोड आहे खरी त्याला," धाकट्याने कसाबसा आवाज सांभाळला. "मग? विषनखापुढे काय होईल?"

दादा शब्द शोधू लागला. विषनखाचा पहिला ओरखडाच जीव घेतो, हा त्याचा मुद्दा धाकट्याला तोंडपाठ होता. वहिनीने खुणावलं, 'अरे, तूच सांगून टाक ना!'

पण उभ्या जन्मात ज्याने दादाला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, तो धाकटा तोंड मिटून वाट बघत बसला.