तिचं कुलूप

सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबली ती जमिनीपेक्षा चार बोटं खाली. सकाळी ती दोनच बोटं खाली थांबली होती. वर्गाच्या बाकीच्या तिघी पाय उचलून बाहेर पडल्या. चौथी मात्र बाहेर येऊन वाकली आणि सगळ्यांदेखत उंबऱ्याला बोटं लावून मोजू लागली.

नऊ वर्षांपूर्वी ती लिफ्ट-तपासनीस होती. मधली वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंपायी गेली. आता सासूबाई नव्हत्या, आणि खंडानंतर कामावर परतणाऱ्यांच्या या वर्गाचा आज शेवटचा दिवस होता. तीन वाजता एका लिफ्ट कंपनीचे साहेब तिची मुलाखत घ्यायला येणार होते.

वर्गाची मार्गदर्शिका वयाने तिच्या लेकीएवढी. तिने पंधरा दिवसांत पुष्कळ शिकवलं होतं : हात किती वेळ धरायचा, हसताना किती दात दाखवायचे, आणि अर्जातल्या नऊ वर्षांच्या पोकळीत ‘कौटुंबिक प्रकल्प व्यवस्थापन’ कसं बसवायचं. आपल्याला प्रकल्प म्हटलेलं कळलं असतं तर सासूबाईंनी ताट भिरकावलं असतं. म्हणून तिने ती जागा कोरीच ठेवली होती.

लिफ्टच्या ब्रेकची पकड सुटत चालली आहे, असं तिने मार्गदर्शिकेला सांगितलं. मार्गदर्शिकेने तिला हळूच बाजूला घेतलं.

“ताई, आजच्या दिवस चुका नका काढू. ही लिफ्ट साहेबांचीच कंपनी सांभाळते.”

ताईंनी मान डोलावली आणि लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करून गच्चीची वाट धरली. यंत्राच्या खोलीला कडीसुद्धा नव्हती. आत यंत्राखाली ब्रेकच्या झिजलेल्या पट्ट्यांची काळी भुकटी साचली होती, रांगोळी घालता येईल एवढी. तिने मुख्य बटण खाली ओढलं आणि पर्समधून लाल कुलूप काढून त्याला लावलं. या धंद्यात प्रत्येकाचं कुलूप आपापलं. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, मग मालक आला तरी चालत नाही. गेली नऊ वर्षं ते सासूबाईंच्या औषधांच्या कपाटाला होतं आणि तिथेही हाच नियम होता.

तीनला दहा कमी असताना साहेब आले. सात जिने चढून आले. पहिली दोन मिनिटं त्यांना रागावताही येईना.

“लिफ्ट कुणी बंद केली?”

“मी.”

मार्गदर्शिकेने डोळे मिटून घेतले.

आमचा माणूस मागच्याच आठवड्यात तपासून सही करून गेलाय, असं साहेबांनी ऐकवलं. ती म्हणाली, सही चांगली वळणदार आहे, पकड मात्र सकाळपासून दोन बोटं आणखी घसरली आहे.

“त्याला परत पाठवा. नाहीतर मला पाठवा.”

साहेब खुर्चीत बसले. समोर तिचा अर्ज होता. त्यांना हवं ते लगेच सापडलं.

“ही नऊ वर्षं कोरी आहेत. काय करत होतात?”

मार्गदर्शिका दाराजवळून ओठांनी शिकवलेले शब्द सुचवत होती. तिने तिकडे पाहिलंच नाही.

“सासूबाईंना उचलत होते. दिवसातून आठ वेळा. एकदाही पडू दिलं नाही.”

साहेबांनी चावीसाठी हात पुढे केला. आधी पट्ट्या बदला, मग चावी, एवढं बोलून तिने पर्सची चेन ओढली.

साहेब उठले. हातातल्या अर्जाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. का, ते सांगितलं नाही. दाराबाहेर सवयीने त्यांचं बोट लिफ्टच्या बटणाकडे गेलं. मग त्यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही.

साहेब कठड्याला धरून जिना उतरू लागले.