सोऱ्या

शिमगा सरला की तलवाड्यात गच्चीगच्चीवर कुरडया वाळायला पडायच्या आणि सोऱ्या फिरवणाऱ्या बायकांच्या गप्पांतून रोहिणीला वर्षभर पुरतील एवढ्या कथा मिळायच्या. गेल्या साली चीक हाटताना शेजारच्या वत्सलाबाई बाळंतपणात गेलेल्या लेकीबद्दल बोलल्या. रोहिणीनं ते सारं दिवाळी अंकात लिहिलं. कुणी ओळखू नये म्हणून लेकीचं नाव तेवढं बदललं. यंदा ती गच्चीवर आली आणि बायका अशा गप्प झाल्या की लिंबाची पानं गळताना ऐकू यावीत. ती वत्सलाबाईंजवळ जाऊन बसली. “चुकलं माझं, मावशी. तुमचं दुःख मी चव्हाट्यावर मांडायला नको होतं.” वत्सलाबाईंनी सोऱ्यात गरम चीक भरला. “लिवलंस ते लई बरं केलंस. पण नाव कावून बदललंस? नातीला कौतुकानं वाचायला बसवलं व्हतं. सारं वाचून म्हणती, ‘आजी, ह्यात माझी आई कुठं हाय?’”